पाय धरायला माणूस पाहिजे

सुवर्णपदक मिळवायला लोक समजतात तेवढं काही करावं लागत नाही. वेळेवर हजर राहावं लागतं, वजनकाट्यावर उभं राहावं लागतं आणि आपल्या गटात दुसरं कोणी नसावं लागतं. या तिन्ही गोष्टी मी लागोपाठ तीन वर्षं जमवल्या आणि फिनलंडच्या प्रौढ मल्लांच्या स्पर्धेत, ग्रीको-रोमन कुस्तीत, माझ्या वयाच्या आणि माझ्या वजनाच्या गटात तीन वेळा सुवर्णपदक पटकावलं. पटकावलं हा शब्द आमच्या गावच्या पेपरातला. मी आपला जाऊन घेऊन आलो होतो.

पहिल्या वर्षी वाटलं, बाकीचे आजारी पडले असतील. दुसऱ्या वर्षी वाटलं, माझ्या पहिल्या पदकाची दहशत बसली असेल. तिसऱ्या वर्षी मी काही वाटून घ्यायचंच सोडून दिलं. बक्षिसाच्या चौथऱ्यावर मधल्या उंच पायरीवर मी आणि दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मोकळ्या. फोटोवाला सवयीने म्हणाला, "जरा जवळ जवळ उभे राहा." मी राहिलो. कसा राहिलो ते विचारू नका.

साठी उलटलेल्या माणसाला ही हौस कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांच्या मनात येऊन गेलंय. तर खरं काय ते सांगतो. माझी बायको आयला दर शनिवारी टँगो नाचायला जायची, ती एका शनिवारी परत आलीच नाही. एका जमीनमोजणी अधिकाऱ्याबरोबर राहायला गेली. मला टँगो कधी कळला नाही. समोरच्या माणसाला घट्ट धरायचं, तासभर गोल गोल फिरवायचं आणि शेवटी पाडायचंसुद्धा नाही, याला काय अर्थ आहे? ते असो. तेव्हापासून मला हात लावणारी माणसं दोनच उरली, न्हावी आणि दातांचा डॉक्टर, आणि दोघांचाही एक डोळा घड्याळावर असतो. आमच्या मुलखात माणूस माणसाला उगाच हात लावत नाही. लग्नात हात मिळवायचा, मयतीत हात मिळवायचा, मधल्या काळात मान हलवायची. कुस्तीत मात्र समोरचा मानेला धरतो, दंडाला धरतो, छातीला छाती लावतो आणि कोणालाही ओशाळवाणं वाटत नाही. मला एक कुस्ती हवी होती. जिंकायला हवी होती असं नाही म्हणत मी. व्हायला हवी होती.

आमच्या क्लबात ती होण्याची आशा उरली नव्हती. तिथे आता कुस्ती कमी आणि कॉफी जास्त. माझ्या जोडीच्या शेवटच्या माणसाचा खुबा बदलला, त्यानंतर मी चामड्याच्या बाहुल्याशी खेळत होतो. बाहुला सभ्य होता, वेळेवर हजर असायचा, पण त्याच्या बाजूने काही घडत नसे.

अशात मार्च महिन्यात कुस्ती महासंघातून एका बाईंचा फोन आला.

"एकट्या माणसाचे गट यंदापासून बंद केलेत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी येऊ नको?"

"तसं नाही हो. फ्रीस्टाइलमध्ये तुमच्याच वयाचा, तुमच्याच वजनाचा एक जण आहे. तोसुद्धा एकटाच असतो. तुम्ही तिकडे गेलात तर दोघांचा गट होईल."

"दुसरा माणूस आहे?"

"आहे."

"खरंच येतो का पण तो?"

"दर वर्षी येतो बिचारा."

मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. फोन ठेवला, कॉफी ओतली आणि ओतता ओतता लक्षात आलं की फ्रीस्टाइल म्हणजे पाय.

ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नसतो, आणि आमच्या या पश्चिमेकडच्या सपाट मुलखात पिढ्यान् पिढ्या हीच कुस्ती चालत आली. आमच्या क्लबात चुकून कोणाचा हात समोरच्याच्या मांडीला लागला तर तो थांबून माफी मागायचा आणि समोरचा म्हणायचा, चालायचंच. फ्रीस्टाइलवाला मात्र खाली वाकून सरळ आत घुसतो, गुडघे कवेत घेतो आणि पट काढून मोकळा होतो. त्या पटाला तोड काय, हे जन्मभर कुस्ती करून मला ठाऊक नव्हतं. पुढचं दार भक्कम आणि मागची भिंतच नाही, अशा घरासारखी माझी अवस्था. आणि घुसणारा मागून येणार हे कळून चुकलेलं.

मी आमच्या वस्तादांकडे गेलो. यालमारी त्यांचं नाव. ऐंशीच्या घरातले, कान दोन्ही कुस्तीत चुरगळलेले, आणि त्या कानांनी त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.

"वस्ताद, मला पटाची तोड शिकायची आहे."

"तू बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"कमरेखाली बघायचं नाही, तैस्तो. ते पूर्वेकडचे साव्होवाले बघतात. त्यांच्याकडे टेकड्या आहेत, चढउतार आहेत, त्यांना वाकायची सवय. आपला मुलूख सपाट. आपण सरळ उभं राहतो."

"पण तो माझे पाय धरणार आहे."

"तर त्याने लाजावं. तू का लाजतोस?"

तरी प्रकरण क्लबाच्या कमिटीपुढे गेलं. कमिटी म्हणजे पाच जण आणि त्यांच्यात मिळून धड गुडघे फार तर तीन. दोन किटल्या कॉफी संपली. एकाचं म्हणणं पडलं, तोड शिकवायची तर आधी कोणीतरी पट काढायला शिकलं पाहिजे, म्हणजे घाण आपणच घरात आणायची. दुसरा म्हणाला, गादीला सवय लागेल. गादीला कसली सवय लागणार हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण तो खजिनदार होता. शेवटी ठराव झाला की सभासदाने कमरेखालचा सराव स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या घरी, शक्यतो पडदे ओढून करावा.

वाचनालयात एक पुस्तक मिळालं. चित्रांचं होतं म्हणून बरं. पटाची तोड अगदी सोपी. समोरचा गुडघ्यांकडे झेपावला रे झेपावला की आपण दोन्ही पाय झटक्यात मागे फेकायचे आणि छातीचं सगळं ओझं त्याच्या पाठीवर टाकायचं. त्याच्या हाती पाय लागत नाहीत आणि वर आपण बसलेलो. मग सरकत त्याच्या पाठीमागे जायचं. चित्रातल्या दोन माणसांना हे छान जमत होतं. माझ्याकडे एकच माणूस होता. मी दिवाणखान्यात गालिच्यावर उभा राहिलो, कोणीतरी माझ्याकडे झेपावतंय अशी मनाची समजूत घातली आणि पाय मागे फेकले.

आता शहाण्णव किलोचा माणूस दिवाणखान्यात स्वतःला जमिनीवर फेकतो तेव्हा त्याचा आवाज फक्त त्याच्यापुरता राहत नाही. माझ्या खालच्या मजल्यावर हिल्काबाई राहतात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, आता निवृत्त. एकट्या. आमच्या इमारतीत कोणी कोणाचं दार वाजवत नाही. काही म्हणणं असेल तर जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी लागते. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी लागली, "ज्यांना फर्निचर हलवायचं आहे त्यांनी एकदाच काय ते हलवून घ्यावं." मी खाली लिहिलं, "ते फर्निचर नाही. मी आहे." माझ्या मते यात सगळा खुलासा झाला होता.

हिल्काबाईंनी त्याचा निराळाच अर्थ लावला आणि नगरपालिकेला फोन केला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वर एक एकटा म्हातारा रोज सकाळ-संध्याकाळ धाडकन पडतो आणि तसं लिहूनही देतो, म्हटल्यावर कोणीही हेच केलं असतं.

नगरपालिकेकडून मारित नावाची बाई आली. वृद्धांच्या पडण्याचं खातं तिच्याकडे. दारात बूट काढून, पिशवी घेऊन आत आली आणि तिने सगळ्यात आधी माझा गालिचा गुंडाळून भिंतीला उभा केला.

"किती वेळा पडता?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी."

"चक्कर येते का आधी?"

"नाही हो. मुद्दाम पडतो."

मारितने माझ्याकडे फार मायेने बघितलं. "सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. "त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मी आयुष्यभर विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासले. नेमके कसे पडलात, कोणत्या पायावर, कोण बघत होतं, हे प्रश्न मी शेकडो लोकांना विचारले आहेत. खोटं कोण बोलतं ते मला आवाजावरून कळायचं. त्या दिवशी मला माझा आवाज ऐकू येत होता आणि मी माझा दावा साफ फेटाळला असता. मी तिला कुस्तीचं सांगितलं, पट सांगितला, पुस्तक दाखवलं. ती हो हो म्हणत राहिली. मग म्हणाली, "जरा सरळ उभे राहा, तोल बघते," आणि माझ्या गुडघ्याकडे वाकून तिने हात पुढे केला. एवढ्या दिवसांचा सराव. माझे पाय आपोआप मागे गेले आणि मी तिच्यासमोर पोटावर धाडकन पडलो. खालून हिल्काबाईंनी झाडूच्या दांड्याने छताला एक ठोका दिला. मारितने पिशवीतून तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे काढले आणि मनगटावर बांधायची एक पट्टी.

पट्टी अशी की माणूस पडला की तिला आपोआप कळतं आणि पलीकडून कोणीतरी बोलतं. मी म्हणणार होतो, नको. माझा अपमान झाला होता आणि तो मला सविस्तर बोलून दाखवायचा होता. पण मारित म्हणाली, "पडलात की कोणीतरी विचारेल तरी." मी हात पुढे केला.

संध्याकाळी सरावाला उभा राहिलो आणि पाय फेकले. मनगटातून आवाज आला.

"तैस्तो, पडलात का?" बाईमाणसाचा आवाज. पन्नाशीचा असावा. पाठीमागे कोणीतरी बशी ठेवली.

"हो."

"लागलं का?"

"नाही."

"उठता येतंय का?"

"येतंय."

"मग उठा."

मी उठलो. घरात असं मला कोणी उठ म्हणून बरेच दिवस झाले होते.

पुढे आमची ओळख वाढली. ती विचारायची, आज काय केलंय जेवायला. मी म्हणायचो, वाटाण्याचं सूप. ती म्हणायची, गुरुवारचं का, कारण आमच्याकडे गुरुवारी घरोघरी तेच शिजतं. मी म्हणायचो, गुरुवारचंच, शनिवारपर्यंत पुरतं. कधी ती पावसाचं सांगायची, कारण ती दुसऱ्या गावात बसायची आणि तिच्याकडे पाऊस आधी यायचा. कबूल करायला हरकत नाही, काही दिवस मी पुस्तकात सांगितलंय त्यापेक्षा जरा जास्त सराव केला. तिच्याही ते ध्यानात आलं. एकदा म्हणाली, "तैस्तो, नुसतं बोलायचं असेल तर आमच्या नियमात बसत नाही. पडण्याचं बसतं." आणि मग म्हणाली, "पण बेतानं पडा."

सराव असा जोरात चालला होता, पण एका गोष्टीवाचून सगळं अडलेलं. पटाची तोड शिकायची तर पट काढणारा लागतो. नुसत्या हवेला मी किती दिवस अडवणार? मग मी जिन्यातल्या फलकावर रीतसर चिठ्ठी लावली, "पाय धरायला माणूस पाहिजे. अनुभवाची गरज नाही. तिसरा मजला." आठवड्याभरात त्याखाली एकच ओळ आली, "आवाज कोणत्या वेळेत होईल?" खाली नाव नव्हतं. त्या शुक्रवारी मी तळघरातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसलो होतो. इमारतीची सौना सामायिक, पण प्रत्येकाची वेळ ठरलेली, शुक्रवारचा एक तास माझा. सहा जण बसतील एवढी फळी. मी मधोमध बसून तापल्या दगडांवर पाणी टाकत होतो आणि मला एकदम वाईट वाटलं. सणसणीत वाईट वाटलं, कारण नाव घेऊन ज्याला विचारावं असा एकही माणूस मला आठवेना.

मे महिन्यात आमच्याकडे अंगण झाडायचा दिवस असतो. वर्षातून तेवढा एकच दिवस इमारतीतले लोक एकमेकांशी बोलतात, कारण हातात दाताळं असलं की बोलायला बरं पडतं. सगळ्यांनी माझी चिठ्ठी वाचलेली होती. वर्षभराचा सल्ला साठला होता तो एकदम बाहेर पडला. एकाने सांगितलं, पायांना लोणी चोळ, निसटतील. दुसरा म्हणाला, लोकरीची लांब चड्डी घाल, घाम येऊन समोरचाच कंटाळेल. तळमजल्यावरचा निवृत्त कर अधिकारी म्हणाला, "जाऊ नकोस. आतापर्यंत अजिंक्य आहेस. न खेळलेल्या माणसाला कोणी हरवू शकत नाही." हा सल्ला मला सगळ्यात झोंबला, कारण तो बरोबर होता.

नेमकी तेव्हाच मारित फाटकातून आत आली. एकटी नव्हती, बरोबर एक साहेब होते. माझ्या पडण्याचा आकडा म्हणे तिच्या यंत्रात इतका वर गेला होता की यंत्राने आपोआप मला वृद्धाश्रमाच्या यादीत ढकललं होतं. साहेब माझी तपासणी करायला आले होते.

"अहो, कुस्ती आहे ती," मी म्हणालो. "कोणीतरी माझे पाय धरा, म्हणजे मी दाखवतो. कोणीही धरा."

सगळे दाताळ्यांकडे बघू लागले. कर अधिकाऱ्याने झाडून झालेली जागा पुन्हा झाडायला घेतली. शेवटी हिल्काबाई पुढे आल्या. एका हातात अंगण झाडणाऱ्यांना वाटलेल्या भाजक्या सॉसेजचा कागद तसाच होता. त्या माझ्यासमोर वाकल्या आणि मोकळ्या हाताने त्यांनी माझा गुडघा धरला. विजारीवरूनच, पण घट्ट.

"धरला," त्या म्हणाल्या. "आता काय?"

आता मी पाय मागे फेकून शहाण्णव किलो त्यांच्या पाठीवर टाकायचे होते. पंच्याहत्तरीच्या बाई, तीसपेक्षा जास्त वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेल्या.

"आता तुम्ही मला पाडायचं," मी म्हणालो.

"कशाला?"

त्या माझा गुडघा धरून तशाच राहिल्या, मी तसाच उभा राहिलो. "पाय गार आहेत रे तुझे," त्या हळूच म्हणाल्या. "मोजे घालत नाहीस का ते ठिपक्यांचे?" सोडायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या ध्यानात आलं होतं तरी मी सांगितलं नाही.

साहेबांनी मारितकडे बघून मान हलवली. "आधाराशिवाय उभं राहता येत नाही," ते म्हणाले.

शेवटी मारितनेच मध्ये पडून स्पर्धा होईपर्यंतची मुदत मिळवून दिली. तोवर पडणं थांबलं तर ठीक, नाही तर जागा बघावी लागेल. मी शब्द दिला. त्यानंतर मी घरात एकदाही पडलो नाही. पट्टी गप्प झाली. गुरुवारी सूप केलं आणि कोणाला सांगितलं नाही.

स्पर्धेच्या गावाला मी बसने गेलो. क्रीडागृहाच्या दारात यालमारी वस्ताद उभे, टाय लावून.

"मी कुस्ती बघायला आलेलो नाही," ते म्हणाले. "कोट धरायला आलोय. आणि कमरेच्या वरचंच बघणार आहे."

गादीवर जाताना अंगावर काही चालत नाही, म्हणून मी पट्टी काढून माझ्या कोटाच्या खिशात टाकली आणि कोट त्यांच्याकडे दिला.

समोरचा आधीच येऊन थांबला होता. सुलेवी नाव. साव्होचाच निघाला. टक्कल, रुंद खांदे, गुडघ्यांना पट्टे, आणि नवीन ठिकाणी आलेल्या पाहुण्यासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. साव्होची माणसं सरळ बोलत नाहीत. काय समजायचं ते ऐकणाऱ्याने समजायचं.

"तू तोच का रे, कमरेवरचा?" त्याने विचारलं.

"हो."

"मी आपला असाच, कमरेखालचा. म्हणजे असेन बहुतेक. तीन-चार वर्षं कोणी भेटलंच नाही, तेव्हा आता सांगता येत नाही." आणि मग म्हणाला, "आलास ते एक बरं केलंस. किंवा नसेलही केलं. बघू."

शिट्टी झाली. आम्ही एकमेकांभोवती फिरलो. मला त्याची मान धरायची होती, त्याला माझे पाय. आणि तो आला. खांदा खाली टाकून, त्या वयाच्या माणसाला शोभणार नाही अशा वेगाने सरळ माझ्या गुडघ्यांवर आला. मी काही केलं नाही. पायांनीच केलं. ते झपकन मागे गेले, त्याचे हात हवेत मिटले आणि माझी छाती त्याच्या पाठीवर आली. अगदी चित्रातल्यासारखी. प्रेक्षकांत कोणीतरी टाळी वाजवली. वस्ताद कमरेवरचंच बघायचं विसरले. "फिर," ते ओरडले, "पाठीमागे फिर आता."

मला फिरायचं होतं. पुस्तकात पुढचं पान तेच होतं. पण मी हा डाव वसंतभर जमिनीवर केला होता, आणि जमीन श्वास घेत नाही. हा घेत होता. माझ्या छातीखाली त्याच्या फासळ्या वर येत होत्या, खाली जात होत्या. अंग गरम होतं. डांबराच्या साबणाचा वास येत होता, माझे वडील वापरायचे तो. त्याचं काळीज धडधडत होतं की माझं, ते मला नक्की सांगता येईना, आणि मी पुढचं सगळं विसरून तिथेच पडून राहिलो.

"हालचाल करा," पंच म्हणाले.

"काय रे," खालून सुलेवी म्हणाला, "झोपलास का?"

"नाही."

"मग?"

"जरा थांब."

तो थांबला. खरं तर त्याला थांबायचं काही कारण नव्हतं. माझी पकड ढिली होती, हे त्याला माझ्याआधी कळलं असणार. पण तो थांबला, आणि आम्ही दोघं तसे पडून होतो, तेवढ्यात वस्तादांनी रागाने माझा कोट जमिनीवर आपटला. क्रीडागृह शांत होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"तैस्तो, पडलात का?"

वस्ताद खाली वाकून कोटाला म्हणाले, "पडलाय. पण दुसऱ्यावर पडलाय."

कोटाच्या आतून आवाज आला, "मग राहू दे."

पंचांनी पुन्हा बजावलं. सुलेवीने एक मोठा श्वास घेतला, मला वर उचलल्यासारखा. "आता मला काहीतरी करावं लागेल बघ," तो म्हणाला. "राग मानू नकोस. किंवा मान." आणि त्याने हात पुढे घालून माझा पाय धरला. चांगला घट्ट, गुडघ्याच्या वर, दोन्ही हातांनी. पुढे काय झालं ते फार भराभर झालं. छताचे दिवे दिसले. माझी पाठ गादीला टेकली, दोन्ही खांदे टेकले, वर सुलेवीचं वजन आलं आणि पंचांनी हाताने गादीवर थाप मारली. मी चितपट झालो होतो. माझ्या नावावरचा अजिंक्यपणा गेला, कर अधिकाऱ्याने सांगितलं होतं तसाच गेला. मी दिव्यांकडे बघत पडलो होतो आणि मला अजिबात घाई नव्हती.

सुलेवीने मला हात देऊन उठवलं आणि मग तो हात सोडायचं राहून गेलं. बक्षिसाच्या वेळी तो वरच्या पायरीवर चढला, मी खालच्या. गळ्यात पदक पडल्यावर तो माझ्याकडे वाकला.

"इथं वर गार वारं लागतं," तो म्हणाला. "तू कसं काढलंस इतकी वर्षं?"

"तू पण काढलंसच की."

"काढलं खरं," सुलेवी म्हणाला. "सरावाला कोण आहे तुला?"

"कोणी नाही. एक बाहुला आहे. पट काढत नाही तो."

"बसने किती वेळ लागतो रे तुझ्याकडे? म्हणजे मी येणार आहे असं नाही. नुसतं विचारतोय."

संध्याकाळी मी घरी आलो. वस्ताद परतीच्या बसमधून उतरताना म्हणाले होते, "पाय चांगले फेकलेस." दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर हिल्काबाईंचं दार उघडं होतं आणि त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. वाट बघत नसल्यासारखा चेहरा केला होता.

"झालं का?"

"झालं."

"कुठलं मिळालं?"

मी कोटाची बटणं काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पदक हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे चांदीचं आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं सोन्याचं आणत होतास. खाली आलास की रे."

"आलो."

"असं कसं झालं?"

"यंदा आम्ही दोघं होतो," मी म्हणालो.